सगळ्या म्हणजे किती

क्रांती जगदाळे गावातल्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायची. कोरेगावहून रोज स्कूटीवर यायची. माहेर सांगलीचं, नवरा फौजेत, सध्या जोधपूरला. अख्ख्या शाळेत इंग्रजीला ती एकटीच, त्यामुळं गावात कुणाकडं इंग्रजी कागद आला की तो तिच्यापाशी पोचायचा. निवृत्त सुभेदारांची पेन्शनची पत्रं, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कुणाच्या पोराचा परदेशी नोकरीचा फॉर्म, सगळं ती वाचून द्यायची. "क्रांती मॅडमनी सांगितलं म्हंजे तसंच," असं लोक म्हणायचे आणि ते तिला आवडायचं.

जुलैमध्ये तिनं नववीला ‘ऑल’ शिकवला. शब्द लहान, पण सगळा तास त्यातच गेला. ऑल द गर्ल्स म्हणजे सगळ्या मुली, ऑल द मिल्क म्हणजे सगळं दूध. मोजता येतं त्यालाही चालतो आणि येत नाही त्यालाही. ऑल डे म्हणजे दिवसभर. नॉट ॲट ऑल म्हणजे मुळीच नाही. ऑल बट वन म्हणजे एक सोडून बाकी सगळे.

तिसऱ्या बाकावरच्या आसिया मुलाणीनं हात वर केला. "मॅडम, ऑल बट वन कळलं. पण नॉट ऑल म्हंजे किती?"

"किती ते तो शब्द सांगत नाही. एक सोडून सगळ्या असतील, नाहीतर एखादीच असेल. सगळ्या नाहीत, एवढंच त्यातून कळतं."

मग क्रांतीनं फळ्यावर एक वाक्य लिहिलं, "ऑल द गर्ल्स हॅव नॉट कम," आणि अर्थ विचारला. निम्मा वर्ग म्हणाला, काही मुली आल्या नाहीत. निम्मा म्हणाला, एकही मुलगी आली नाही.

"बघा, घोटाळा झाला का नाही?" क्रांती म्हणाली. "आपण मराठीत ‘सगळ्या मुली आल्या नाहीत’ म्हणतो तेव्हा काही आल्यात असं धरतो. इंग्रजीत असं लिहिलं तर वाचणारा बहुतेक वेळा एकही आली नाही असं धरतो. म्हणून हे वाक्य लिहायचंच नाही. काही आल्या असतील तर सुरुवातीलाच नॉट ऑल. एकही नसेल तर नन."

मुलींनी ते वहीत चौकट आखून लिहून घेतलं.

त्याच पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीनं शाळेतल्या मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधून दिलं. जुनं पाडलं आणि त्याच जागेवर हे उभं केलं. आत पांढऱ्या टाइल, मोठा आरसा, हात धुवायला बेसिन. बाहेरच्या भिंतीवर कंपनीचं नाव रंगवलेलं आणि त्याखाली फोन नंबर. महिनाभर सगळं व्यवस्थित चाललं. सप्टेंबरात मोटर जळाली, टाकीत पाणी चढेना, आणि मुख्याध्यापक घोरपडे सरांनी दाराला कुलूप लावलं.

"कंपनीची माणसं कवाबी टपकतील," ते स्टाफरूममध्ये म्हणाले. "घाण दिसली तर त्यांनी कबूल केलेली कम्प्युटरची खोली हातची जाईल. जिला लागंल तिनं ऑफिसात येऊन किल्ली मागावी."

ऑफिसात क्लार्क असायचा, दोन शिपाई असायचे, तास नसलेले शिक्षक चहा घेत बसलेले असायचे. त्या घोळक्यात जाऊन चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किल्ली मागणं शक्य नव्हतं. दोन-तीन धीट मुली पहिल्या आठवड्यात गेल्या. क्लार्कनं रजिस्टर काढून नाव आणि वेळ लिहून घेतली. नंतर कुणी गेलं नाही. मुलींनी दुसराच उपाय शोधला. त्यांनी शाळेत पाणी प्यायचं बंद केलं. सकाळी भरून आणलेल्या बाटल्या संध्याकाळी तशाच भरलेल्या घरी जायच्या. क्रांतीला ते दिसत होतं. शिक्षिकांसाठी स्टाफरूमच्या मागं वेगळी सोय होती आणि तिथं पाण्याचं पिंप भरलेलं असायचं.

डिसेंबरात एके दिवशी तास संपल्यावर आसिया मागं थांबली. तिनं दप्तरातून एक कागद काढला. मुख्याध्यापकांना उद्देशून इंग्रजीत अर्ज होता, क्रांतीनंच शिकवलेल्या नमुन्याबरहुकूम. वर तारीख, विषय, रिस्पेक्टेड सर. खाली अकरा मुलींच्या सह्या.

"मॅडम, आदी तुमी बघा," आसिया म्हणाली. "चुका असतील तर सरांसमोर लाज वाटंल."

क्रांतीनं सवयीनं लाल पेन उघडला. ‘ऑल द गर्ल्स इज’च्या जागी ‘आर’ केलं. दोन स्पेलिंगं सुधारली. एका ठिकाणी ‘द’ राहिला होता तो वर बाण काढून घातला. कुलूप उघडून मोटर दुरुस्त करावी, आम्हाला ऑफिसात जायला लाज वाटते, आम्ही दिवसभर पाणी पीत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. तिनं ते सगळं वाचलं, खाली ‘गुड’ असा शेरा दिला आणि सही केली.

"छान लिहिलंयस. मी देते सरांकडं," ती म्हणाली.

तिनं तो दिला नाही. क्रांतीला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच सुमारास संस्थेकडं जायचा होता. इतकी वर्षं ती वर्षावर्षाच्या नेमणुकीवर होती, आणि प्रस्तावावर घोरपडे सरांचा शेरा लागणार होता. प्रस्ताव एकदा गेला की लगेच अर्ज देऊ, असं तिनं मनाशी ठरवलं आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला. आसियानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा क्रांती म्हणाली, "दिलाय गं. सर बघतायत."

जानेवारीत कंपनीचा ईमेल आला. घोरपडे सरांनी तिला बोलावून घेतलं.

"ही पुण्याची मॅडम काय विचारतीय बघा जरा."

क्रांतीनं वाचलं. मुली स्वच्छतागृह वापरतात का आणि कुणाची काही तक्रार आहे का, असं रेश्मा नावाच्या अधिकारी बाईंनी विचारलं होतं.

"वापरतायत म्हणून लिवा. आन तक्रार न्हाई."

"सर, काही मुलींचं म्हणणं आहे..."

"काही म्हंजे? समद्यांनी तक्रार केलीय का?"

"नाही, सगळ्यांनी नाही."

"मंग तेच लिवा की," सर म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

क्रांती क्लार्कच्या कम्प्युटरपुढं बसली. तिनं आधी ‘नो कम्प्लेंट्स’ असं लिहिलं आणि पुसलं. खोटं लिहायला तिचा हात होईना. आपण खोटं लिहिणाऱ्यांतल्या नाही, असा तिचा स्वतःविषयी समज होता. मग तिनं लिहिलं, "ऑल द गर्ल्स हॅव नॉट कम्प्लेन्ड." वाक्य तिनं दोनदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या मुलींनी तक्रार केलेलीच नव्हती, अकरा जणींनी केली होती. उद्या कुणी विचारलंच तर दाखवता येईल. वापराबद्दल तिनं काहीच लिहिलं नाही. बाईंच्या लक्षात आलं तर त्या पुन्हा विचारतील, असं म्हणून तिनं पत्र पाठवून दिलं.

तासाभरात उत्तर आलं. ऐकून आनंद झाला, कम्प्युटरच्या खोलीचं एप्रिलमध्ये बघू. घोरपडे सरांनी तिच्यासाठी चहा मागवला. चहा पिताना क्रांतीला सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं तर थोडा अभिमानही वाटला, की भाषा येत असली म्हणजे अशा पेचातून माणूस कसा अलगद निघतो. पुढं जेव्हा जेव्हा हे सगळं तिला आठवलं, तेव्हा त्या चहाच्या वेळचा तो अभिमान आठवून तिला मान वर करवत नसे.

फेब्रुवारीत आसिया शाळेत यायची थांबली. पहिले दोन दिवस क्रांतीनं हजेरीत नुसती गैरहजेरी लावली. तिसऱ्या दिवशी मुलींनी सांगितलं, "मॅडम, तिला साताऱ्याला नेलंय. लय ताप हुता. थंडी वाजून आंग उडत हुतं."

लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. पाच दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी, बाळ, दिवसाला पाणी किती पितेस, असं विचारल्यावर आसिया म्हणाली, "शाळेच्या दिवशी न्हाई पीत." कवापासनं, असं आईनं विचारलं. आसिया म्हणाली, "कुलूप लावल्यापासनं."

तिची आई परवीन घरी ब्लाउज शिवायची. वडील यासीन यांचं स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान होतं. परवीन शाळेत भांडायला आली नाही. मुलीला घरी आणल्यावर ती एका दुपारी शाळेच्या आवारात आली, स्वच्छतागृहाच्या भिंतीवरचा नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि तिथंच उभी राहून फोन लावला. पलीकडून रेश्मा मॅडमनी फाइल काढून पाहिली आणि सांगितलं, "शाळेनं तर एकाही मुलीची तक्रार नाही असं कळवलंय."

"एका बी पोरीची न्हाई?" परवीननं विचारलं.

"तसंच लिहिलंय."

पुढच्या सोमवारी रेश्मा मॅडम पुण्याहून आल्या. घोरपडे सरांच्या खोलीत परवीन एका खुर्चीवर बसली होती, शेजारी आसिया. तिचा चेहरा इतका उतरला होता की क्रांती दारातून आत आली तेव्हा तिला ती आधी दुसरीच कुणी मुलगी वाटली. आसिया सवयीनं उठून उभी राहिली. "बस, बस," क्रांती म्हणाली.

रेश्मा मॅडमनी पत्राची छापील प्रत टेबलावर ठेवली. "सर, तुमच्या शाळेचं हे पत्र. एकाही मुलीची तक्रार नाही, असं यात आहे. आणि या ताई म्हणतायत, मुलींनी डिसेंबरात लेखी अर्ज दिला होता."

"माझ्यापर्यंत असला कुठलाबी कागद आला न्हाई," घोरपडे सर म्हणाले, आणि ते खरं होतं. "आन इंग्रजीचं समदं जगदाळे मॅडमच बघत्यात."

सगळे क्रांतीकडं बघायला लागले. त्या क्षणी ती काहीही म्हणू शकली असती. पुढं वर्षभर तिनं मनातल्या मनात त्या जागी वेगवेगळी वाक्यं बोलून पाहिली. पण त्या दिवशी ती प्रत्यक्षात म्हणाली ते असं:

"मॅडम, त्या वाक्याचा अर्थ तसा होत नाही. एकही नाही असं म्हणायचं असतं तर मी ‘नन’ लिहिलं असतं. हे ‘ऑल’ आणि ‘नॉट’ आहे. म्हणजे सगळ्यांनी केली नाही. काहींनी केली असू शकते. आपल्याकडं असंच लिहितात."

"बरोबर हाय," घोरपडे सर घाईनं म्हणाले. "तसंच म्हणायचं हुतं."

रेश्मा मॅडम पत्राकडं बघत राहिल्या. आसियानं मात्र मान वर केली होती. तिला तो धडा येत होता. चौकटीतलं वाक्य तिच्या वहीत होतं, आणि समोर मॅडम त्याच्या बरोबर उलट सांगत होत्या. क्रांतीची तिच्याशी नजरानजर झाली आणि क्रांतीनं नजर टेबलावर वळवली.

"मला इंग्रजी येत न्हाई, बाई," परवीन म्हणाली. "म्हंजे काय लिवलंय त्यात?"

"सगळ्याच मुलींनी तक्रार केलेली नाही, असं."

"मंग किती जणींनी केलीती?"

"अकरा."

"मंग अकरा लिवायचं की," परवीन म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. मापात चूक झाली तर गिऱ्हाइकाला सांगावी तशी ती साधी बोलली. "तुमास्नी म्हाईत हुतं का, अकरा म्हून?"

"होय."

"कागद कुठं हाय त्यो?"

क्रांती उठली. स्टाफरूममध्ये जाऊन परत आली. खणातला कागद तिनं टेबलावर ठेवला आणि ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की तो लाल खुणांनी भरलेला आहे. रेश्मा मॅडमनी तो उचलला. सुधारलेला ‘आर’, बाण काढून घातलेला ‘द’, खाली ‘गुड’, सही आणि डिसेंबरची तारीख. आम्ही दिवसभर पाणी पीत नाही या वाक्यात एकही चूक नव्हती, त्यामुळं तिथं लाल शाई नव्हती. तेवढी ओळ स्वच्छ होती.

"तुम्ही हे तपासलंत?" रेश्मा मॅडमनी विचारलं.

"होय."

परवीननं तो कागद हातात घेतला. तिला अक्षरं कळत नव्हती, पण लेकीचं अक्षर ओळखू आलं आणि त्यावरचं लालही कळलं. तिनं कागद आसियाच्या हातात दिला आणि ओढणी सारखी करून उठली.

"मला नवं पत्र पाहिजे," रेश्मा मॅडम म्हणाल्या. "आकड्यासह."

क्रांतीनं ते लगेच लिहिलं. स्वच्छतागृह सप्टेंबरपासून बंद आहे. अकरा मुलींनी डिसेंबरात लेखी तक्रार केली. अर्ज माझ्याकडं दिला होता, मी तो पुढं दिला नाही. आधीचं पत्रही मीच लिहिलं. घोरपडे सर सही करायला तयार झाले नाहीत, म्हणून खाली एकटीनं सही केली.

दोन दिवसांत मोटर दुरुस्त झाली आणि कुलूप निघालं. साफसफाईला गावातली एक बाई ठेवली. कम्प्युटरची खोली त्या वर्षी आली नाही. घोरपडे सरांना संस्थेनं लेखी खुलासा मागितला, त्यांनी तो दिला, आणि पुढं काही झालं नाही. ते क्रांतीशी कामापुरतं बोलायला लागले. तिचा प्रस्ताव मात्र जानेवारीतच, त्यांच्या चांगल्या शेऱ्यासह, पुढं गेला होता. मार्चअखेर ती कायम झाली. ज्या बातमीची तिनं नऊ वर्षं वाट पाहिली होती, ती तिनं सांगलीला फोन करून कळवली नाही. नवऱ्यानं आपणहून विचारलं तेव्हा "हो, झालं," म्हणाली. तो म्हणाला, "आवाज असा का येतोय?" तिनं रेंज नाही असं सांगितलं.

एप्रिलमध्ये ती मुलाणींच्या घरी गेली. परवीन एका बाईचं माप घेत होती. तिनं क्रांतीला आत यायला सांगितलं, खुर्ची पुढं केली आणि हातातलं काम पुरं करूनच तिच्याकडं वळली.

"मी माफी मागायला आलेय," क्रांती म्हणाली.

परवीननं टेप गुंडाळून ठेवला. "माज्याकडं मागून काय करायचं, बाई? ती हाय आत. तिच्याशी बोला."

आसिया बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. क्रांतीनं घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. "माझी चूक झाली, आसिया," एवढंच ती म्हणाली. "तुझा कागद मी द्यायला पाहिजे होता."

"ठीक हाय, मॅडम," आसिया म्हणाली. मोठ्या माणसांनी माफी मागितली की मुलं गडबडून जे म्हणतात तेच. मग तिनं विचारलं, "मॅडम, तवा ते वाक्य लिवताना तुमाला ठावं हुतं का, त्या कसं वाचतील ते?"

माप देऊन झालेली बाई पिशवी भरत होती, ती थांबली. परवीननंही वर पाहिलं. पुन्हा ‘नाही’ म्हणायची जागा होती, आणि या वेळी कागदाचा पुरावाही नव्हता.

"होय," क्रांती म्हणाली. "ठाऊक होतं. तसं वाचावं म्हणूनच लिहिलं."

आसियानं मान हलवली. तिला उत्तर आधीच ठाऊक असावं. "मला पन तसंच वाटलं," ती म्हणाली आणि आत गेली.

जूनमध्ये क्रांतीनं दहावीचा वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा अशी विनंती केली. घोरपडे सर म्हणाले, "इंग्रजीला दुसरं हाय कोण?" त्यामुळं वर्षभर तिनंच शिकवलं. आसिया रोज यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, नाव घेऊन विचारलं तर नीट उत्तर द्यायची. आपणहून तिनं हात पुन्हा कधी वर केला नाही. क्रांतीनं ते मुलीच्या तब्येतीवर ढकलायचा प्रयत्न केला, पण आपल्या तासाला आसिया आधीसारखीच प्रश्न विचारते, असं गणिताच्या सरांनी सहज बोलता बोलता सांगितलं. गावातल्या लोकांनी इंग्रजी कागद आणणं काही थांबवलं नाही. क्रांती आता ते वाचून देताना प्रत्येक ओळ दोनदा सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आणखी एकाला दाखवून घ्या."

पुढच्या फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ झाला. मुली साड्या नेसून आल्या होत्या. भाषणं आणि अल्पोपाहार झाल्यावर सगळ्यांना क्रांती मॅडमबरोबर फोटो पाहिजे होता. पायऱ्यांवर तीन रांगा झाल्या, मधे क्रांतीला बसवलं. फोटो कोण काढणार, यावर गोंधळ सुरू झाला, कारण जी बाहेर राहील ती फोटोत येणार नव्हती.

"द्या हिकडं, मी काढते," आसिया म्हणाली आणि एकीच्या हातातून मोबाइल घेतला.

"अगं, तू ये की. शिपाईमामांना सांगू," कुणीतरी म्हणालं.

"ऱ्हाऊ दे."

क्रांतीला उठून तिला हाताला धरून आणावंसं वाटलं. ती उठली नाही. तसं ओढून आणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही हे तिला कळत होतं. आसियानं मोबाइल आडवा धरला, एक पाऊल मागं गेली, डोळे बारीक केले.

"मॅडम, जरा डावीकडं सरका. मागची दिसंना झालीय."

क्रांती सरकली.